खारीला 'उद्या' कळत नाही

मुलांनो, दर वर्षी जून महिन्यात शाळा सुरू झाली की माझ्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. मधल्या सुट्टीत कुणीतरी हळूच टेबलापाशी येतं, इकडेतिकडे बघतं आणि विचारतं, "बाई, आमच्या गल्लीत कुत्रीला पिल्लं झालीत. एक घरी नेऊ का?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. मी 'हो' म्हणत नाही आणि 'नाही'ही म्हणत नाही. मी म्हणते, "आधी खारीची गोष्ट ऐक."

आज तीच गोष्ट तुम्हांला सांगते. शेजारी आई-बाबा बसले असतील तर त्यांनाही ऐकू द्या. कारण या गोष्टीतली सगळ्यांत मोठी चूक कुणा मुलाची नाही. ती माझी आहे.

खारी घरी आली

चार वर्षांपूर्वीचा पावसाळा. आम्ही वाईला राहतो. आमच्या शाळेच्या मागे मोडकी बाकं रचून ठेवली होती. त्यांच्या खालून दोन दिवस बारीक कुंई कुंई ऐकू येत होतं. पिल्लांची आई रस्त्यावर गाडीखाली सापडली होती. बाकीची पिल्लं कुणी कुणी उचलून नेली आणि हे एकच मागे राहिलं. दीड महिन्याचं असेल नसेल. चिखलानं माखलेलं, ओलंचिंब, तपकिरी रंगाचं. माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "बाई, ही चहात बुडवलेल्या खारीसारखी दिसते!" झालं, नाव तिथंच पडलं.

आमचे चिरंजीव तेव्हा चौथीत होते आणि त्याच शाळेत. ते पुढे सरसावले. "आई, आपण नेऊ या! मी तिला खायला घालीन, फिरवीन, शी-शूसुद्धा काढीन. देवाशप्पथ!"

त्यांचं हे व्रत बरोबर अकरा दिवस टिकलं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पिल्लाची आई जवळ असेल, तर त्याला दोन महिन्यांचं होईपर्यंत तिच्यापासून तोडू नका. आईचं दूध तर त्याला हवंच, पण शिकवणीही हवी. भावंडांशी मस्ती करताना एखाद्यानं जोरात चावा घेतला की दुसरं किंचाळतं आणि खेळ थांबवतं. दात किती जोरानं लावायचे, हे पिल्लू असं शिकतं. खारीची ही शाळा अर्ध्यावर सुटली, म्हणून पुढे तिचे धडे आम्हांला घ्यावे लागले. ती खेळताना चावली की आम्ही 'आई गं!' म्हणायचो आणि तिच्याकडे पाठ फिरवून बसायचो. महिनाभरात तिला बरोबर कळलं.

रात्रीचं रडगाणं

पहिल्या रात्री आमच्या घरात कुणी झोपलं नाही. पिल्लू आईच्या कुशीत, भावंडांच्या ढिगात झोपायला सरावलेलं असतं. एकटं पडलं की रडतं. ते रडणं म्हणजे हट्ट नव्हे, भीती असते. सासूबाईंनी, म्हणजे मुलांच्या आजीनं, एका खोक्यात आपलं जुनं सुती लुगडं अंथरलं. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून एका कडेला ठेवली आणि खोका आमच्या अंथरुणाशेजारी ओढला. मध्येच हात खाली सोडून पिल्लाच्या पाठीवर ठेवायचा, की ते शांत. असं आठवडाभर चाललं.

दिवसा दुसरीच गंमत. लहान पिल्लाला लघवी फार वेळ धरता येत नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी तरी बाहेर न्यावंच लागतं. त्याच्या ठरलेल्या तीन वेळा असतात : झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर. या तीन वेळा सांभाळल्या की निम्मं काम झालं. ठरलेल्या जागी त्यानं शू केली की लगेच, त्याच क्षणी, शाबासकी द्यायची. घरात केली तर मारायचं नाही आणि त्याचं नाक तर मुळीच घासायचं नाही. पाच मिनिटांपूर्वी केलेल्या शूबद्दल आत्ता मार बसतोय, हे त्याला कळतच नाही. त्याला एवढंच कळतं, की या माणसाचा हात लागला की दुखतं. मग ते लपून शू करायला शिकतं!

दातांचा प्रताप

पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. तुमच्यासारखेच तेही पडतात. साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू दिसेल ते चावतं. खारीनं तीन चपला, आजीच्या चष्म्याचं घर आणि माझी टाचणवही खाल्ली. टाचणवही म्हणजे कोणत्या दिवशी काय शिकवायचं ते शिक्षक ज्यात लिहितात ती वही. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांपुढे ती कुरतडलेली वही ठेवताना माझी काय अवस्था झाली, ते विचारू नका! एरवी मी तुमच्या फाटक्या वह्यांवर रागावते, त्या दिवशी मुख्याध्यापक माझ्या वहीकडे बघत होते.

पण चूक वहीची, की वही खाली ठेवणाऱ्याची? तेव्हापासून आमच्या घरात चपला कपाटात आणि वह्या फळीवर गेल्या. खारीला जाड दोराला गाठी मारून एक खेळणं करून दिलं. 'हे चावू नको' एवढंच सांगून भागत नाही, 'हे चाव' म्हणून हाती काहीतरी द्यावं लागतं.

आजीचं तूप

नामदेव महाराजांची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. कुत्र्यानं भाकरी पळवली, तर कोरडी भाकरी त्याला कशी जाईल म्हणून महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. आमच्या आजींनी ही गोष्ट मनावर घेतली. खारीला भाकरीबरोबर तूप, लाडू, चिवडा, जे असेल ते मिळू लागलं. आठवड्यात तिचं पोट बिघडलं.

डॉक्टर म्हणाले, "आजी, भाव नामदेवांचा ठेवा, पण वाटी लहान करा." मग त्यांनी यादी सांगितली. चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे, कांदा आणि लसूण हे कुत्र्याला बाधतात. थोडं चॉकलेट तुम्हांला पचतं, कुत्र्याला त्यानं विषबाधा होऊ शकते. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होतात आणि आतडी फाडतात. तिखट-मीठ नको. भात, भाकरी, उकडलेलं अंडं, उकडलेला भोपळा, पचत असेल तर थोडं दही, आणि घरात चालत असेल तर हाडं काढून उकडलेली कोंबडी, हे चालतं. लहानपणी दिवसातून चार वेळा थोडं थोडं, मग तीन वेळा आणि मोठं झाल्यावर दोन वेळा. पाण्याचं भांडं मात्र सदैव भरलेलं हवं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडासा घाम येतो तो पंजांच्या गादीला. बाकीची उष्णता ते जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतं. म्हणून उन्हाळ्यात पाणी नसलं तर ते फार लवकर कोमेजतं.

पुढच्या सोमवारी नेऊ

आता माझ्या चुकीकडे येते.

खारीला पहिल्यांदा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. पिल्लांच्या पोटात बहुधा आईकडूनच जंत आलेले असतात, म्हणून हे औषध लहानपणी पुन्हापुन्हा द्यावं लागतं. मग त्यांनी एक कार्ड लिहून दिलं आणि म्हणाले, "पोट जरा ठीक होऊ दे. सोमवारी पहिली लस देऊ. तोवर हिला बाहेरच्या कुत्र्यांत नेऊ नका."

त्या सोमवारी शाळेत तपासणी होती. मी म्हटलं, पुढच्या सोमवारी नेऊ. पुढच्या सोमवारी घरी पाहुणे होते. त्यापुढच्या सोमवारी पाऊस कोसळत होता. पिल्लू तर छान उड्या मारत होतं, मग घाई कसली? असे तीन सोमवार गेले. मधल्या काळात चिरंजीव तिला कृष्णेच्या घाटावर खेळायला घेऊन गेले. बाहेर का न्यायचं नाही, हे मी त्याला कधी नीट सांगितलंच नव्हतं.

एका सकाळी वाटीचा आवाज झाला तरी खारी उठली नाही. एरवी वाटी वाजली की ती स्वयंपाकघरात घसरत यायची. थोड्या वेळानं उलटी झाली, मग पुन्हा झाली. दुपारी शीतून रक्त पडलं. तिला टॉवेलात गुंडाळून धावत दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "पार्व्हो."

पार्व्हो हा विषाणूचा रोग आहे. तो आतड्यांवर हल्ला करतो. आजारी कुत्र्याच्या शीतून पडलेले विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतात. पिल्लू ती माती हुंगतं, चाटतं आणि काही दिवसांत आजारी पडतं. या विषाणूला ठार मारणारं रोजच्या वापरातलं औषध नाही. सलाईन द्यायचं, उलट्या थांबवायच्या, अंगातलं पाणी टिकवायचं आणि वाट बघायची. लस न दिलेली कितीतरी पिल्लं यात दगावतात.

डॉक्टर मला रागावले नाहीत. त्यांनी फक्त कार्ड मागितलं. लशीच्या तारखेपुढचा रकाना कोरा होता. त्या कोऱ्या रकान्याकडे त्यांनी पाहिलं आणि मीही पाहिलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

रोज सलाईन सुरू झालं. खारीच्या इवल्या पायाला सुई टोचलेली, अंग गार पडलेलं. चिरंजीव शाळा सुटली की तडक दवाखान्यात येऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडे न बघताच विचारलं, "आई, मी तिला घाटावर नेलं म्हणून झालं का हे?"

मुलांनो, शिक्षक झालं तरी काही उत्तरं देणं फार कठीण जातं. मी म्हटलं, "नाही रे. लस मी द्यायची होती. मी सोमवार पुढे ढकलत राहिले."

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग आता आपण दोघांनी मिळून बसू."

चौथ्या दिवशी संध्याकाळी खारीनं मान उचलली आणि चमच्यातलं पाणी चाटलं. दोन दिवसांनी ती घरी आली. आम्ही घर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुऊन काढलं. ती बरी झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला पहिली लस, मग पुढच्या लशी, आणि तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस. एकही तारीख चुकवली नाही.

खारी वाचली, यात आमचं नशीबही होतं. पण नशिबावर पिल्लू पाळता येत नाही. आपण 'उद्या बघू' म्हणतो. त्यांच्या जगात 'उद्या' नसतो. भूक आत्ता लागते, शू आत्ता होते, आजार आत्ता येतो.

भिंतीवरचं वेळापत्रक

दुधाचा हिशेब लिहितो त्या कॅलेंडरशेजारी आम्ही एक वेळापत्रक चिकटवलं. पहाटे साडेपाचला फिरवणं बाबांकडे, सकाळचं खाणं आजीकडे, पाण्याचं भांडं दोन वेळा घासून भरणं धाकट्या लेकीकडे, संध्याकाळचं फिरणं चिरंजीवांकडे. रविवारी केस विंचरणं आणि गोचीड, पिसवा बघणं माझ्याकडे. कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत आणि काखेत गोचीड दडून बसतात. लशीच्या आणि औषधाच्या तारखांना लाल गोल. वर्षाची झाल्यावर डॉक्टरांनी खारीवर पिल्लं न होण्याची शस्त्रक्रिया केली. तिची सहा-सात पिल्लं पुन्हा कुठल्यातरी बाकांखाली रडत बसू नयेत, म्हणून.

उन्हाळ्यात फिरायची वेळ बदलते. घाटाचे दगड दुपारी चुलीवरच्या तव्यासारखे तापतात. आपल्या पायांत चपला असतात, तिच्या नसतात. म्हणून आपल्या हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद दगडावर टेकवून बघायची. आपल्याला सोसवलं नाही, तर तिलाही सोसवणार नाही. दिवाळीत फटाके सुरू होण्याआधीच तिला फिरवून आणायचं, मग आतल्या खोलीत दारं-खिडक्या लावून कुणीतरी सोबत बसायचं. माणसापेक्षा कितीतरी बारीक आणि उंच स्वर कुत्र्याला ऐकू येतात. आपल्याला मजा वाटणारी माळ त्याच्या कानांना काय वाटत असेल?

चावा लपवू नका

लशीचा विषय निघालाच आहे, तर एक महत्त्वाची गोष्ट. कुत्रं चावलं की पुष्कळ मुलं घरी सांगत नाहीत. 'आई रागावेल', 'कुत्र्याला घालवून देतील', 'पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील', अशी भीती असते. ती पोटातली इंजेक्शनं जुन्या काळची. आता लस दंडात देतात आणि चार-पाच वेळांत काम होतं. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली, तर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर लस घेतली, तर हा रोग टाळता येतो.

फ्रान्समध्ये ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या लशीचा पहिला डोस एका मुलाला दिला गेला. त्याचं नाव जोसेफ मेस्टर, वय वर्षं नऊ. पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याला अनेक ठिकाणी चावलं होतं. त्याची आई त्याला घेऊन थेट पॅरिसला गेली. तो मुलगा वाचला. त्याच्या आईनं 'उद्या बघू' म्हटलं असतं तर?

म्हणून, कुत्रं चावलं, दातानं ओरखडलं किंवा जखमेवर त्याची लाळ लागली, तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. मोठ्यांना सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. डॉक्टर पुढच्या डोसांच्या तारखा लिहून देतात, त्यांतली एकही चुकवू नका. घरचं लाडकं पिल्लू चावलं असलं, तरीही डॉक्टरांना दाखवा.

आणि चावा टाळायचा कसा? कुत्रं खात असताना, झोपलेलं असताना किंवा पिल्लांजवळ असताना त्याला हात लावू नका. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. हात अंगाशी धरून झाडासारखे स्तब्ध उभे राहा. त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका.

पिल्लू आणण्याआधी घरात विचारायचे प्रश्न

१. घरातल्या सगळ्यांना पिल्लू हवं आहे का? एकाचा जरी विरोध असेल, तर थांबा.
२. दिवसा घरी कोण असतं?
३. पहाटे आणि संध्याकाळी कोण फिरवणार? पावसात? परीक्षेच्या दिवसांत?
४. खाणं, लशी, औषधं यांचा खर्च दर महिन्याला झेपेल का?
५. मे महिन्यात गावाला गेलो तर त्याला कोण सांभाळणार?
६. घर भाड्याचं असेल तर मालकांना विचारलं का? नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत नोंदणी करावी लागते का?
७. एक गणित सोडवा. कुत्रं साधारण १२ ते १५ वर्षं जगतं. आज तुम्ही ९ वर्षांचे असाल, तर ते म्हातारं होईल तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल? आणि कुठे असाल?

कुठलं कुत्रं घ्यावं, असंही मुलं विचारतात. जाहिरातीतलं थंड मुलखातलं दाट केसांचं कुत्रं आपल्या उन्हाळ्यात हाल सोसतं. आपली गावठी कुत्री आपल्या हवेला सरावलेली असतात. आपल्या देशाच्या जातीही काही कमी नाहीत. टपाल खात्यानं २००५ साली मुधोळ, राजपालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयातलं मेंढपाळी कुत्रं यांची तिकिटं काढली होती. पण जात कुठलीही असो, पहाटे साडेपाचला उठावंच लागतं!

रिकामा दोर

आता खारी चार वर्षांची आहे आणि चिरंजीव आठवीत. संध्याकाळी शिकवणी सुटून तो कोपऱ्यावर आला, की खारी दारात उभी राहते. कधी कधी तो दमलेला असतो, तोंड वाकडं करतो. पण दोर हातात घेतो.

हे सगळं सांगून झालं, की 'पिल्लू नेऊ का' विचारणाऱ्या मुलाला मी एक काम देते. मी म्हणते, "सात दिवस पहाटे साडेपाचला ऊठ. आई-बाबांना सांगून हातात रिकामा दोर घे आणि आपल्या आळीला दोन फेऱ्या मार. घरी येऊन एक वाटी घासून पाण्यानं भर. संध्याकाळी पुन्हा तेच कर. आठव्या दिवशी मला येऊन सांग."

बहुतेक मुलं तिसऱ्या दिवसानंतर हा विषय काढत नाहीत. मी रागावत नाही. पिल्लू आणून बाराव्या दिवशी कंटाळण्यापेक्षा हे बरं.

यंदा मात्र एक मुलगी आठव्या दिवशी खरंच आली. सातही दिवस तिनं फेऱ्या मारल्या होत्या, त्यांतले दोन दिवस छत्री घेऊन. मला वाटलं, आता ही पिल्लू नेणार. ती म्हणाली, "बाई, मला जमतंय. पण आई-बाबा दोघंही कामाला जातात. मी शाळेत आले की घरी कुणीच नसतं. पिल्लू दिवसभर एकटं रडेल. म्हणून मी नाही नेत."

मी तिची पाठ थोपटली. ती जायला निघाली, तशी दाराशी थांबून म्हणाली, "पण बाई, वाटी मी अजून रोज भरते. आमच्या ओट्याखाली ठेवते. गल्लीतली सगळी पिल्लं येऊन पाणी पितात."